पैठणी हातमागाची की यंत्रमागाची: निवडीपूर्वी पदर उलटून पाहावा

घरातल्या कार्यासाठी पैठणी घ्यायची हे एकदा ठरले की रंगाचा आणि मोर-पोपटाचा निर्णय फार अवघड जात नाही. घोळ होतो तो हातमागावरची घ्यावी, की दुकानात ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळणारी यंत्रमागावरची घ्यावी, या ठिकाणी. आमच्या घरात दोन्ही आहेत; यंत्रमागाची पत्नीला आहेरात आली आणि हातमागाची आम्ही सुनेसाठी येवल्याहून घेतली. पुढचे मत या दोन साड्यांच्या वापरावरून बनलेले आहे, तेवढ्याच बेताने ते घ्यावे.

किमतीतील तफावत डोळ्यांत भरते. यंत्रमागाची दोन-तीन हजारांतही मिळते, तर हातमागाची साधी, लहान पदराची साडीसुद्धा दहा-बारा हजारांच्या आसपास सुरू होऊन वर लाखांपर्यंत जाते. पदरावरच्या नक्षीतील प्रत्येक रंगासाठी विणकर वेगळी लहान कांडी घेऊन ती ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांमधून हाताने फिरवतो. त्यामुळे साध्या साडीलाही काही आठवडे आणि भरगच्च कामाच्या साडीला कित्येक महिने लागतात. जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे आपोआप उचलणारी यंत्रणा, लावलेल्या यंत्रमागावर तीच नक्षी पाहता पाहता उतरते. लांबून पाहणाऱ्याला, आणि छायाचित्रात तर बहुधा कोणालाच, फरक कळत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माझा कौल ठरला तो पदराच्या मागच्या बाजूवरून. यंत्रमागाच्या पदरात रंगीत धागा नक्षीत नको असेल तेथे पाठीमागून मोकळा जातो. हे मोकळे धागे ठेवले तर बांगड्यांत, तोड्यांत, अंगठीच्या कोंदणात अडकतात आणि कापले तर त्यांची टोके सुटत राहतात. आमच्या घरी प्रत्येक समारंभात कोणीतरी पत्नीच्या पाटल्यांमधून धागा सोडवत बसलेले असे, आणि एक धागा ओढला गेला की दर्शनी बाजूचा मोर आकसून जाई. उपाय म्हणून पदराला आतून नेट लावून घेतली. त्याने धागे झाकले गेले, पण पदर पुठ्ठ्यासारखा ताठ झाला आणि खांद्यावर नीट बसेना. शेवटी ती साडी कपाटातच राहू लागली. हातमागाच्या अस्सल पदरात रंगीत धागे शेजारच्या धाग्यात अडकवून तेथल्या तेथे वळवले जातात, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते आणि अडकायला मागे काही उरतच नाही. सून ती साडी निर्धास्तपणे नेसते, आणि माझ्या मते इतक्या महागड्या वस्तूबाबत हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे.

पर्यावरणाच्या बाजूने मात्र हातमागाची भाबडी बाजू घेता येत नाही. माग विजेवाचून चालतो हे खरे. पण रेशमाचे कोष दोन्हीकडे उकळलेच जातात, एका साडीमागे ते हजारांनी लागतात, आणि रंगाचे सांडपाणीही चुकत नाही. स्वस्त यंत्रमागी साडीत पुष्कळदा कृत्रिम धागा आणि प्लास्टिकच्या पापुद्र्याची जर असते. ती काळी पडत नाही ही तिची जमेची बाजू, मात्र साडी विरल्यावर त्या मिश्रणाचे काही होऊ शकत नाही. हातमागाच्या साडीतही आज बहुधा तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली जर असते, जी ओल लागली की काळवंडते. जुन्या पैठण्या जरीतल्या चांदीसाठी वितळवल्या जात, तसे मोल या जरीत नाही; तेव्हा ‘गुंतवणूक’ म्हणून कोणी साडी गळ्यात मारत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करावे. हातमागाचे पारडे जड होते ते साडी किती वर्षे आणि किती जणींनी नेसली जाईल, या हिशेबावर. शिवाय त्या पैशातला काही भाग विणकराच्या घरी पोचतो, जरी मधल्या व्यापाऱ्याचा वाटा किती हे दुकानात कोणी सांगत नाही.

खुणांबाबत एक खुलासा आवश्यक वाटतो. 2004 साली सुरू झालेला सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देतो. त्या खुणेची साडी यंत्रमागावरची असू शकते. हातमागासाठी 2006 पासूनचा हॅण्डलूम मार्क वेगळा आहे. येवल्याहून आणली एवढ्यावरही विसंबू नये, कारण तेथल्या दुकानांतही दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. त्यात आता हातमागालाही जॅकार्ड जोडून भरजरी काम केले जाते आणि अशा साडीच्या मागे मोकळे धागे येऊ शकतात. म्हणून पदर उलटून पाहण्याला पर्याय नाही.

एकदाच नेसायची असेल, प्रवासात सांभाळणे जमणार नसेल किंवा बऱ्याच जणींना आहेर द्यायचा असेल, तर यंत्रमागाची घेण्यात मला काही वावगे दिसत नाही. परंतु एकच साडी घ्यायची असून हात थोडा आखडता असेल, तर भरगच्च पदराच्या यंत्रमागी साडीऐवजी लहान पदराची, नारळी काठाची, मोजक्या बुट्ट्यांची हातमागाची पैठणी पाहावी, असे मी सुचवीन.