अकरा पावत्या, एकच अर्ज क्रमांक

सांगलीत विश्रामबागेत आमची अकरा घरांची गल्ली आहे. साध्या पंख्याला साधारण ७५ वॅट लागतात आणि कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, असा हिशेब करून आम्ही २०२३ च्या उन्हाळ्यात सगळ्यांचे पंखे एकत्र घेतले होते. दुकानदाराने भाव उतरवला आणि बिलातही फरक दिसला. सौर पॅनेलही असेच एकत्र घ्यावेत ही कल्पना माझी होती, म्हणून हे लिहिणेही माझ्याकडेच येते.

२०२४ च्या फेब्रुवारीत घरांच्या छतावरील सौर पॅनेलसाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. पुढे ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ आले. ३ किलोवॅटचे १,४५,००० रुपये होतील, मात्र किमान दहा घरे हवीत, आणि अनुदान परस्पर त्यांच्याकडे जमा होणार असल्याने आम्ही फक्त ६७,००० भरायचे, असे त्यांनी सांगितले. घरे गोळा करण्याचे काम मी आनंदाने केले. शेजारच्या निवृत्त काकांनी विचारले, "तू सगळं बघितलंयस ना?" मी हो म्हणालो. खरे तर मी काहीच पाहिले नव्हते. बँकेतल्या शेजाऱ्याने पाहिले असेल असे मला वाटत होते आणि त्याला वाटत होते की मी पाहिले असेल.

प्रत्येकी ४०,००० रुपये आगाऊ गेले, तेही त्या गृहस्थांच्या वैयक्तिक खात्यावर. दोन गच्च्यांवर लोखंडी सांगाडे उभे राहिले, एका घरी पॅनेलही चढले. त्यानंतर चार महिने "नेट मीटर महावितरणकडे अडकलाय" एवढेच उत्तर मिळत राहिले (नेट मीटर म्हणजे घरात आलेली आणि बाहेर दिलेली वीज मोजणारा मीटर) आणि शेवटी फोन बंद झाला.

महावितरणच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा आमच्यापैकी एकाही ग्राहक क्रमांकावर अर्जच नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही पावत्या प्रथमच शेजारी शेजारी मांडल्या आणि अकराही पावत्यांवर एकच अर्ज क्रमांक निघाला. महावितरणच्या अभियंत्यांनी जे समजावले ते आधी पाच मिनिटांत कळले असते: अर्ज योजनेच्या पोर्टलवर ग्राहकाच्या नावे होतो, नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी तिथेच दिसते आणि सौर यंत्रणा सुरू झाल्यावर अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, विक्रेत्याच्या नव्हे. बसवलेल्या पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचे नव्हते, त्यामुळे त्यांवर अनुदान मिळणेच शक्य नव्हते. दर इतका कमी कसा, हे तेव्हा उमगले.

पोलिसांत तक्रार दिली आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावरही कळवले, पण पैसे जाऊन महिने लोटले होते. नंतर चौघांनी स्वतः अर्ज भरून पॅनेल बसवले. काकांचे ४०,००० मी हप्त्याने परत करतो आहे. ते नको म्हणतात, पण त्यांनी विचारले तेव्हा हो मी म्हणालो होतो.