‘नैतिक’ ईमेल सेवांवर किती विसंबावे? सोसायटीच्या सचिवाचा वर्षभराचा अनुभव

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास मार्गी लागला, तेव्हा सचिव या नात्याने माझ्याकडे सभासदांची आधार कार्डे, संमतिपत्रे आणि भाड्याच्या रकमेसाठी दिलेले रद्द धनादेश असे सगळेच ईमेलवर येऊ लागले. लोकांनी विश्वासाने सोपवलेली ही कागदपत्रे जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीकडे पडून राहावीत हे मला पटेना, म्हणून वर्षभर मी स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आणि जर्मनीची टूटा या दोन ‘नैतिक’, म्हणजे आपली पत्रे न वाचण्याची हमी देणाऱ्या, ईमेल सेवा वापरून पाहिल्या.

‘आम्ही तुमची पत्रे वाचत नाही’ हे त्यांचे सांगणे बव्हंशी खरे आहे, कारण पेटीतला मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली आपल्या पासवर्डशी बांधलेली असते. मात्र किल्ली नसणे आणि काहीच माहिती नसणे यांत मोठा फरक आहे. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणी ओळखणारा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला. पत्रांतला मजकूर त्यांना देता आला नाही, पण माणूस सापडायला पत्ता पुरेसा ठरला. त्यानंतर आयपी नोंदींविषयीचे संकेतस्थळावरील शब्द कंपनीने बदलले. ते आधीच स्पष्ट असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. बर्लिनच्या पोस्टेओ या ईमेल सेवेने आयपी पत्ते साठवायचेच नाहीत अशी रचना केली होती, तरीही आदेश आल्यास ते दिले पाहिजेत, असा निर्णय जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने दिला. देश कोणताही असो, कायदा कंपनीच्या सद्हेतूपाशी थांबत नाही.

रोजच्या वापरात मला जास्त महत्त्वाची वाटली ती एक साधी गोष्ट. प्रोटॉनमध्ये पत्राचा मजकूर कुलूपबंद असतो, पण विषयाच्या ओळीला ते संरक्षण नसते. ‘फ्लॅट ३०२, वारस नोंद’ असे विषयात लिहिले की घरातला नाजूक व्यवहार पाकिटावरच लिहिल्यासारखे होते. टूटा विषयाची ओळही झाकते, ही तिची जमेची बाजू. शिवाय आमचे वास्तुविशारद आणि विकासक दोघेही जीमेलवर आहेत, त्यामुळे त्यांना पाठवलेल्या साध्या पत्राची प्रत गूगलकडे राहतेच. (गूगलने जाहिरातींसाठी जीमेलमधील मजकूर वापरणे २०१७ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले, हेही सांगायला हवे.) यावर पासवर्ड लावून पत्र पाठवण्याचा उपाय आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खजिनदार काकांना मी पासवर्ड फोनवर सांगितला; त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर टाकले आणि पत्र उघडले. सत्तरीतल्या माणसाला हे जमते, तेव्हा अवघड आहे ही सबब मी आता ऐकून घेत नाही.

पासवर्ड विसरल्यास जुनी पत्रे परत मिळवण्याची तजवीज मात्र आपणच आधी करून ठेवावी लागते. प्रोटॉनने दिलेले १२ शब्द मी कागदावर लिहून शेअर रजिस्टरसोबत सोसायटीच्या कपाटात ठेवले आहेत आणि अध्यक्षांना त्याची कल्पना दिली आहे. सचिव बदलतात, दप्तर राहिले पाहिजे.

एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात रोखण्याची कार्यवाही करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले, तेव्हा मी खरोखर धास्तावलो होतो. म्हणून आम्ही सोसायटीच्या नावाने स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे स्वतःचे नाव, घेतले. उद्या सेवा बदलावी लागली तरी सभासदांना नवा पत्ता कळवत बसावे लागणार नाही. महत्त्वाच्या पत्रांची प्रत दरमहा वेगळ्या डिस्कवर उतरवली जाते.

या सगळ्यानंतर सोसायटीसाठी आम्ही प्रोटॉनची सशुल्क सेवा ठेवली आहे आणि हा खर्च कमिटीने मंजूर केला आहे. कागदपत्रांसाठी ही सेवा मी निर्धास्तपणे सुचवेन. ज्याला सरकारपासून ओळख लपवायची आहे, त्याने मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. सूचना फलकावर मी एवढेच लावले आहे: सभासदांनी ईमेलच्या विषयात नाव, फ्लॅट क्रमांक किंवा आधार क्रमांक लिहू नये.