ईजेबीचे लोकल इंटरफेस आणि लुकअप: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवं काही उभारताना आज ईजेबीकडे, म्हणजे एंटरप्राइझ जावाबीन्सकडे (सर्व्हरवर चालणारे जावा प्रोग्रामचे भाग, एकेका भागाला बीन म्हणतात), फारसं कुणी वळत नाही. पण अंधेरी-बीकेसी पट्ट्यात बँका नि विमा कंपन्यांची कामं करणाऱ्या कुणालाही विचारा, एखादं जुनं ईएआर (सगळं ॲप्लिकेशन एकत्र बांधलेली फाइल) त्याच्या गळ्यात असतंच. आमच्याकडे कर्जाच्या अर्जांचं आहे: एक वॉर (वेबचा भाग), दोन ईजेबी जार (बीनच्या फाइली). पावसाळ्याच्या तोंडावर ते वाइल्डफ्लाय या सर्व्हरवर आणलं आणि सगळे रिमोट इंटरफेस (बीनला दुसऱ्या प्रोसेसमधूनही हाक मारायची सोय) लोकल (फक्त त्याच प्रोसेसमधून) केले.

लिहायला सोपं, यात वाद नाही. 2001 च्या ईजेबी 2.0 मध्ये लोकल इंटरफेस आले तेव्हा लोकल होम, क्रिएट मेथड, एक्सएमएलमधल्या नोंदी असा मोठा जामानिमा लागायचा. आता बीन एकच इंटरफेस इम्प्लिमेंट करत असेल तर @लोकलसुद्धा लिहावं लागत नाही, कंटेनर (बीन चालवणारा सर्व्हरचा भाग) तो लोकलच धरतो. ईजेबी 3.1 पासून इंटरफेस नसला तरी चालतं. छोट्या बीनचे इंटरफेस आम्ही सरळ उडवले.

लुकअपचं, म्हणजे नावावरून बीन शोधण्याचं, तसं नाही. पूर्वी प्रत्येक सर्व्हरची नावं ठेवायची तऱ्हा वेगळी होती. 2009 च्या जावा ईई 6 ने जावा:ग्लोबल, जावा:ॲप आणि जावा:मॉड्यूल अशी सर्वांना समान नावं दिली. डिप्लॉय होताना वाइल्डफ्लाय ती सगळी लॉगमध्ये छापतो. तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

मात्र त्या नावात मॉड्यूलचं नाव येतं, आणि ते काही सांगितलं नसेल तर जारच्या फाइलीवरून ठरतं. मेवन हे बिल्डचं साधन फाइलीच्या नावात आवृत्ती घालतं. म्हणजे 1.4 ची 1.5 झाली की जावा:ग्लोबलचं नाव बदललं आणि कोडमध्ये पक्कं लिहिलेलं नाव सापडेनासं झालं. जुन्या कोडमध्ये अशी नावं पसरलेली होती, त्यामुळे शनिवारच्या रात्रीच्या रिलीजला नेमनॉटफाउंडएक्सेप्शन (नाव सापडलं नाही ही चूक) ठरलेलं. ईजेबी-जार एक्सएमएलमध्ये मॉड्यूल-नेम एकदा पक्कं केलं आणि कटकट संपली. हे पहिल्याच दिवशी करावं.

@ईजेबी इंजेक्शन (कंटेनरने स्वतःच फील्डमध्ये बीन भरणं) सर्व्हलेट (वेब विनंत्या हाताळणारे क्लास) आणि बीनमध्ये उत्तम चालतं. स्वतः न्यू करून बनवलेल्या साध्या क्लासमध्ये कंटेनर डोकावतच नाही, तिथे फील्ड नल राहतं. मग इनिशियलकॉन्टेक्स्टने लुकअप करायचा. स्वतः सुरू केलेल्या थ्रेडमधून जावा:मॉड्यूल शोधलं तर तेही हाती लागत नाही, म्हणून रात्रीच्या बॅचसाठी मॅनेज्ड एक्झिक्युटर (कंटेनरच्याच थ्रेडवर काम चालवणारा) वापरला. एकाच इंटरफेसची दोन बीन असतील तर बीननेम द्यावंच लागतं. आणि इंटरफेसचा जार फक्त ईएआरच्या लिबमध्ये ठेवा. तो वॉरमध्येही गेला की दोन क्लासलोडर तोच क्लास वेगवेगळा लोड करतात, मग क्लासकास्टएक्सेप्शनमध्ये दोन्हीकडे एकच नाव दिसतं आणि माणूस चक्रावतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वेगळ्याच गोष्टीने. रिमोटमध्ये पॅरामीटरची प्रत जाते, लोकलमध्ये थेट रेफरन्स. आमचं तपासणीचं बीन आलेल्या यादीतून अपात्र अर्ज काढून टाकायचं. रिमोट असताना ते त्याच्या प्रतीतून जायचे, म्हणून कुणाला कळलंच नाही. लोकल केल्यावर ते अधिकाऱ्याच्या स्क्रीनवरूनच गायब व्हायला लागले. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये ओळ नाही. टेस्टिंगवाल्या मुलीने आकडे जुळवले म्हणून सापडलं. आता अशा मेथडना बदलता न येणारी यादीच देतो. कुणी हात लावला की लगेच एक्सेप्शन येतं. रिमोटचं लोकल करताना प्रत्येक मेथड आलेल्या ऑब्जेक्टचं काय करते ते वाचूनच पुढे जा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला तरी दिसला नाही.

वेग वाढला, अर्जांच्या यादीच्या स्क्रीनवर तर नजरेला जाणवण्याइतका. जकार्ता ईईकडे (जावा ईईचं नवं नाव) जाताना इम्पोर्टमधलं जावाएक्स बदललं, जावा:ॲपची नावं मात्र तशीच राहिली.

व्याजाचं मॉड्यूल वेगळ्या सर्व्हरवर न्यायची चर्चा सध्या चालू आहे. लोकल इंटरफेस दुसऱ्या जेव्हीएममधून (जावाच्या दुसऱ्या प्रोसेसमधून) मिळत नाही, त्यामुळे तसं ठरलं तर त्या एका बीनला @रिमोट परत लावू. बाकीची लोकलच ठेवणार.