सॅमिक सेज: पहिलं धनुष्य म्हणून कसं?

पारंपरिक धनुष्य घ्यायला निघालेला नवशिका आधी ‘किती पाउंडचं?’, म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागतो, ते विचारतो आणि आकडा मोठा सांगून मोकळा होतो. कोरियन सॅमिकचं ‘सेज’ हे ६२ इंची लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) इथेच कामाला येतं, कारण त्याचे दोन्ही लिम्ब (वरचा-खालचा वाकणारा भाग) रायझरपासून (मधल्या मुठीच्या भागापासून) सुटे होतात. २५ ते ६० पाउंड, पाच-पाचच्या टप्प्याने लिम्ब मिळतात. आज हलके लावा, हात बसला की रायझर तोच ठेवून फक्त लिम्ब बदला.

घ्यायचे ते २५ किंवा ३०. लिम्बवर छापलेला आकडा २८ इंच खेचीचा, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावरचा असतो. आपली खेच काढायला दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि २.५ ने भागा. ६५ इंच भरले तर खेच २६. दर इंचाला दोन-अडीच पाउंडांचा फरक पडतो, म्हणजे ३० चे लिम्ब तुमच्या बोटांवर २५-२६ च भरतील. तेवढे पुरतात. घेण्याआधी दोरी हनुवटीपर्यंत ओढून दहा सेकंद धरा आणि हळूच परत न्या. बाणाशिवाय सोडलेली दोरी लिम्ब फोडू शकते. धनुष्याकडचा खांदा कानाकडे चढला किंवा हात थरथरला, तर पाच पाउंड उतरा. ४५ घेऊन मिरवणाऱ्याची दोरी हनुवटीला लागायच्या आतच सुटते, आणि ती खोड पुढे हलक्या धनुष्यावरही जाता जात नाही.

जोडणी सोपी आहे. पाउंडाचा आकडा छापलेला लिम्ब खाली, दोरीचं मोठं वेटोळं वरच्या लिम्बवर. स्क्रू हाताने घट्ट करा, पक्कड नको. दोरी चढवायला स्ट्रिंगर वेगळा घ्यावा लागला तरी घ्याच. पायात अडकवून वाकवलं की लिम्बला पीळ बसतो, मग दोरी टोकाच्या खाचेत मधोमध बसत नाही. स्ट्रिंगरचे दोन्ही खिसे टोकांना घाला, त्याच्या दोरीवर पाय ठेवा, रायझर सरळ वर उचला आणि वरचं वेटोळं खाचेत सरकवा.

मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंत ७.५ ते ८.२५ इंच हवेत. कमी असेल तर दोरी मनगटावर सणसणीत बसते. दोरी काढून तिला पाच-सहा पीळ द्या, पुन्हा मोजा. सोबतची डॅक्रॉनची दोरी दिसायला साधी, पण तीच ठेवा. फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी सेजच्या मजबूत केलेल्या टोकांना झेपते, पण नवशिक्याला तिची गरज नाही.

बाणांत काटकसर करताना एक चूक हमखास होते: शेपटीला प्लास्टिकची पाती असलेले बाण. शेल्फवरून (रायझरवरच्या बाण टेकवायच्या कडेवरून) थेट सोडले की पातं आपटतं आणि बाण भलतीकडे जातो. पिसांचे घ्या. वजन दर पाउंडाला किमान ८ ग्रेन (बाण तोलायचं छोटं एकक), म्हणजे ३० पाउंडांना २४० च्या खाली नको.

खोट काढायचीच तर मूठ लहान हाताला जाड वाटते. खेच २९ इंचांच्या पुढे असेल तर ६२ इंच अपुरे पडतात, शेवटच्या इंचात दोरी एकदम जड होते आणि बोटांना चिमटा बसतो. उंच माणसाने ६६-६८ इंची बघावं.

आणि मुलाला शाळेच्या ‘इंडियन राउंड’ तिरंदाजी स्पर्धेसाठी हवं असेल तर सेज घेऊन उपयोग नाही, तो बांबूच्या धनुष्याचा प्रकार आहे.