तुटलेली दाढ काढावी की वाचवावी? रूट कॅनल आणि झिरकोनिया कॅप, वर्ष होत आल्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग पुराण. दाढ वाचवली, त्या बाजूने भाकरी, चकली, मटण सगळं खातो, दुखत नाही. पण तुमची दाढ तुटली असेल तर माझं बघून तसंच करू नका. माझ्याकडे वाचवण्याइतकी दाढ शिल्लक होती, एवढ्या एका गोष्टीवर सगळं ठरलं.

दाढ खालची, डावीकडची पहिली. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते, तीही कुठला दुधाचा दात न पडता, मागच्या बाजूला. त्यामुळे ती कायमची आहे हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि बऱ्याचदा किडते ती हीच. माझ्यात शाळेत असताना चांदी भरली होती. इतक्या वर्षांनी चांदी जागच्या जागी आणि जिभेकडची भिंत मात्र फुटाणा चावताना हिरडीच्या खालपर्यंत गेली. कडा इतकी धारदार की बोलताना जीभ कापायची.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे बघून दोन मिनिटांत निर्णय: काढा, इम्प्लांट करा. आई म्हणाली, "काढून टाक एकदाची, कशाला खर्च करतोस?" नुसती काढून मोकळं व्हायचं तर शेजारचे दात त्या फटीत कलंडू शकतात, वरची दाढ खाली उतरू शकते. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला खोटा दात, करायचा तर ते दोन चांगले दात कानस लावल्यासारखे घासायचे. माझे दोन्ही शेजारी धडधाकट होते, म्हणून ब्रिज तिथेच बाद. इम्प्लांटचा पर्याय वाईट मुळीच नाही, पण टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का व्हायला खालच्या जबड्यात साधारण 3 महिने, कधी जास्तही लागतात. शिवाय एकदा काढलेली दाढ परत लावता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी जुनी चांदी आणि कीड साफ केली आणि मग बोलू म्हणाले. हे मला फार पटलं. बारीक खुणांची सळई हिरडीत फिरवून त्यांनी चारही बाजूंनी खोली मोजली. एकाच ठिकाणी सळई अचानक खोल गेली असती तर मूळ उभं चिरल्याचा संशय, आणि तसं निघालं तर दाढ काढायचीच. तसं नव्हतं. मग त्यांनी आरसा धरून दाखवलं: कॅपला पकडायला हिरडीच्या वर चांगल्या दाताची साधारण 2 मिमी उंचीची कड हवी, शक्यतो सगळीकडून. माझ्या तीन बाजूंना ती होती, जिभेकडे नव्हती. तिथे हिरडी आणि थोडं हाड कमी करून दात उघडा करायचा, त्याला क्राऊन लेंग्थनिंग म्हणतात. मुळं लांब होती म्हणून ते जमलं. आखूड मुळांच्या दाढेत हाड काढलं तर ती हलायला लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रूट कॅनलची, म्हणजे मुळांतली नस काढून आतल्या नळ्या साफ करून भरण्याची, उगाच भीती असते. भूल नीट चढली की कंटाळा जास्त, दुखणं कमी. या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, माझ्यात चौथी निघाली. रबराचा पडदा लावून काम केलं की थुंकी आत जात नाही. तुमचे डॉक्टर तो लावतात का, हे जरूर विचारा. हिरडीचं काम मात्र त्रासाचं होतं. टाके, गालावर सूज, काही दिवस मऊ भात आणि वरण. कायमची कॅप हिरडी भरून आल्यावरच, म्हणजे मधले काही आठवडे तात्पुरत्या कॅपवर.

पोस्ट, म्हणजे मुळाच्या नळीत बसवायची सळई, तिच्याबद्दल एक गैरसमज बऱ्याच जणांचा आहे, माझाही होता, की आत सळई घातली म्हणजे दात मजबूत होतो. ती सळई फक्त वरचं भरण धरून ठेवते. मूळ तिच्यामुळे मजबूत होत नाही, जाड सळईसाठी जास्त कोरलं तर उलट कमजोर होतं. माझ्यात बारीक फायबर पोस्ट आहे.

कॅप झिरकोनियाची, म्हणजे कडक पांढऱ्या सिरॅमिकची, घेतली ती रंगासाठी नाही, इतक्या मागे बघतंय कोण? मेटल-सिरॅमिकला चावण्याच्या बाजूने दीड-दोन मिमी घासावं लागतं, अखंड झिरकोनियाला साधारण 1 मिमी पुरतं. आधीच बुटक्या राहिलेल्या दाढेला तेवढीच बचत.

पुण्यात सगळं मिळून 25,000 च्या आसपास गेले, इम्प्लांटचा अंदाज 40,000 च्या पुढे होता. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत बरंच कमी लागतं, वेळ मात्र काढावा लागतो.

आता वापराचं. सुरुवातीला कॅप किंचित उंच लागायची, जेवताना आधी तीच टेकायची. निळा कागद चावायला देऊन डॉक्टरांनी ठिपके पडले तिथे घासलं, प्रश्न मिटला. "सवय होईल" म्हणून असं सहन करू नका. गार-गरम काही कळत नाही, चावल्याचा दाब मात्र कळतो, कारण मुळाभोवतीचे तंतू जिवंत असतात. भातात खडा आला तर लगेच समजतं.

तक्रार एकच. मागच्या दाढेच्या फटीत मटणाचा धागा आणि मेथीची पानं हमखास अडकतात. रात्री फ्लॉस किंवा बारीक ब्रश चुकवून चालत नाही, कारण कॅपच्या कडेखाली कीड लागली तर आता दुखून सांगायला आत नसच नाही. कॅपसोबत वॉरंटी कार्ड मिळालंय, मोठ्या अक्षरांत वर्षं छापलेलं. ते कॅप फुटली तर आहे, आतली दाढ गेली तर नाही, हे खाली बारीक अक्षरांत. पुढचा एक्स-रे वर्ष पूर्ण झाल्यावर काढायचाय. मुळांच्या टोकाशी काही वेगळं दिसलं तर इथेच लिहीन.