डिस्क घासून घ्यावी की नवी टाकावी?

ऐंशीच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाला गुदगुल्या करतं आणि मेकॅनिक चाकाकडे न बघताच "डिस्क गेल्यात साहेब" म्हणतो. इथवर तुम्ही पोचला असाल आणि कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) सोडवण्याइतकं काम स्वतः करत असाल, तर प्रश्न एवढाच उरतो: पुढच्या डिस्क लेथवर घासून घ्यायच्या की नव्या टाकायच्या? माझ्या अकरा वर्षं जुन्या सेडानवर मी दोन्ही करून बसलोय. दोन्ही वेळा पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर) गाडी चढवून.

पैशाचं आधी उरकतो. नव्या डिस्कची जोडी मला टर्निंगच्या, म्हणजे लेथवर घासण्याच्या, जवळजवळ दहापट पडली, वर नवे पॅड. नव्या डिस्कवर जुने, चरे पडलेले पॅड बसवण्यात अर्थ नसतो. खिशाकडे बघूनच ठरवायचं असेल तर घासणं जिंकतं, वाद नाही.

घासण्याच्या विरोधात लोक जाडीचा मुद्दा काढतात. तो खराच आहे. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. माझी नवी असताना २१ मिमी, किमान १९. घासायच्या आधी २०.२ भरली, घासून आली ती १९.६. मोजताना एक जपा: बाहेरच्या कडेला न झिजलेली कंगोऱ्यासारखी धार राहते, ती व्हर्निअरच्या जबड्यात सापडली की आकडा खोटा येतो. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. १९.६ म्हणजे नियमात बसत होती, पण पातळ लोखंड लवकर तापतं. ताम्हिणी घाट उतरताना मला ते जाणवलं. निदान जाणवल्यासारखं वाटलं. थर्मामीटर काही लावला नव्हता.

माझं मन उडालं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. डिस्क टर्नरकडे आणि गाडी घोड्यांवर!

बुधवारी संध्याकाळी दोन्ही डिस्क काढल्या, भाजीच्या पिशवीत घातल्या आणि स्कूटरवरून भोसरीला नेऊन दिल्या. गुरुवारी भोसरीत सुट्टी, हे डोक्यातच आलं नाही. शुक्रवारी टर्नरकडे आधीचं काम होतं. शनिवारी दुपारी डिस्क हातात आल्या. तोवर कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगलेले, हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) उघडे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकून बघतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर विचारलंच, "अहो, गाडी विकताय की सुटी करून भंगारात देताय?" मागच्या गाडीवाल्याला रोज तिरकं रिव्हर्स घ्यावं लागत होतं, तो काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.

बरं, एवढं करून आठ महिन्यांत थरथर परत. दोष टर्नरचा होता असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण एक बाजू घासायची, डिस्क उलटी करून चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायची आणि मग दुसरी घासायची, यात डिस्क जिथे टेकते त्या भागावर गंजाची एक पापडी जरी राहिली तरी दोन्ही बाजू समांतर येत नाहीत. मी त्याला ती बाजू साफ करून दिली नव्हती. हबवरचा गंजही नुसत्या फडक्याने पुसला होता. लोक "डिस्क वाकली" म्हणतात. बऱ्याचदा ती हबवर जराशी तिरकी बसलेली असते, फिरताना दर वेळी एकाच जागी पॅडला चाटते आणि हळूहळू तिथेच पातळ होते. म्हणून नव्या डिस्क टाकल्या तरी हब वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायलाच हवा. नाहीतर नव्यांचीही तीच गत.

नव्याची खरी चैन मला काढताना कळली. माझ्या गाडीत डिस्क हबला दोन चपट्या डोक्यांच्या स्क्रूंनी धरलेली असते आणि ते स्क्रू हमखास जाम होतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने गेलात तर खाच गोल होते. हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, आणि तरी एक तुटतोच. घासून परत तीच डिस्क बसवायची असेल तर तुम्ही हे सगळं जपून, मनातल्या मनात देवाचं नाव घेत करता. जुनी टाकूनच द्यायची असली की स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवा, हबला न लागू देता डिस्कवर हातोडा घाला, निघते. गेल्या वेळी रविवारी सकाळच्या चहानंतर सुरू केलं आणि जेवायला हात धुऊन बसलो. संध्याकाळी गाडी रस्त्यावर.

डिस्कमध्ये भरपूर जाडी शिल्लक असेल आणि टर्नर चार पावलांवर असेल किंवा गाडीवर असतानाच डिस्क घासणारं मशीन जवळच्या वर्कशॉपमध्ये असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. घासून घ्या. दोन गाड्या असलेल्यांनाही तीन दिवसांचं काही वाटणार नाही. मला मात्र पुन्हा ती भाजीची पिशवी स्कूटरवर टांगायची नाही.

नव्या आणल्यात तर त्यांच्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, तिकडे लक्ष ठेवा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा, कारण पहिल्यांदा ते थेट तळाला जातं. आणि डिस्कसोबत चार नवे स्क्रूही आणून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात.