घटस्फोटाच्या वकील मॅडम: हिशोब चोख, फोनचा मात्र आनंदच आहे

नाव लिहीत नाही, घरचं प्रकरण आहे आणि एक्स नवरा पण पुण्यातलाच. शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करतात एवढंच सांगते. ४ स्टार.

यांच्याआधी एका वकिलांना भेटले होते, ते म्हणाले आत्ता फी नको, एकरकमी पोटगी सुटली की त्यातले टक्के द्या. ऐकायला किती छान ना! पण निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही हे या मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की बाईला, पगार कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून बघा. स्वतःचं गिऱ्हाईक असं कोण घालवतं? मी तिथेच वकीलपत्रावर सही केली.

आता मुद्द्याचं, खर्च कोण देणार. आमच्याकडे आईपासून मामापर्यंत सगळ्यांचं एकच, "त्यानेच भरला पाहिजे". मॅडम म्हणाल्या तसं काही नसतं, ज्याचा वकील त्याने बघायचा. फक्त हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही त्याला केस चालू असेपर्यंत पोटगी आणि वर केसचा खर्च समोरच्याकडून मागता येतो. नवऱ्यालाही मागता येतो बरं का, हे ऐकून आईचं तोंड बघण्यासारखं झालेलं. नोटीस पोचल्यापासून ६० दिवसांत शक्यतो निकाल द्यावा असं कायद्यात आहे, त्या "शक्यतो"मध्ये काय ते समजून घ्या.

माझी तेव्हा नोकरी नव्हती म्हणून अर्ज टाकला. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं अफिडेविट द्यावं लागतं, त्याच्यात नवरेसाहेबांचा पगार कमी आणि कारचा हप्ता भलामोठा. मॅडमनी बँक स्टेटमेंटची एकेक एन्ट्री हायलाइटरने रंगवून ठेवली होती. कोर्टाने महिन्याची पोटगी दिली आणि केसच्या खर्चाचे १५ हजार. मॅडमची फी ६० हजार, म्हणजे बाकीचे माझ्याच खिशातून, त्यामुळे "कोर्ट खर्च मिळवून देतं" कोणी म्हणालं तर किती ते आधी विचारा. कोर्ट फी मात्र लागलीच नाही, महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगीच्या केसमध्ये बायकांना १९९४ पासून माफ आहे.

पुढे त्यालाच कंटाळा आला आणि म्युच्युअलवर, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटावर, गाडी आली. त्याच्या वकिलांच्या कन्सेंट टर्म्समध्ये (तडजोडीच्या लेखी अटींमध्ये) "दोघांनी आपापला खर्च सोसावा" ही ओळ होतीच, बहुतेक सगळ्या ड्राफ्टमध्ये असते म्हणे. मॅडमनी ती ठेवली पण खाली एक ओळ वाढवली की थकलेली पोटगी आणि ते १५ हजार दुसऱ्या मोशनच्या (कोर्टापुढे संमती पक्की करायच्या शेवटच्या टप्प्याच्या) आधी डीडीने द्यायचे. ही ओळ नसती तर ते पैसे गेलेच होते, कारण वरच्या ओळीवर बोट ठेवून तो मोकळा. डीडीची झेरॉक्स लागली तेव्हाच पुरसीसवर (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर) माझी सही. वेगळं राहून दीड वर्षाच्या वर झालेलं म्हणून दोन मोशनमधली सहा महिन्यांची वाट पण सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालावर माफ करून घेतली. फी टप्प्याटप्प्याने ठरलेली, दर तारखेला पैसे नाहीत, प्रत्येक वेळी पावती.

एक स्टार का कापला? दुपारी चारनंतर फोन लागत नाही, ज्युनिअर "मॅडमना विचारून सांगतो" यापलीकडे जात नाही, आणि टायपिंग, नोटरी, झेरॉक्सचा किरकोळ खर्च फीमध्ये धरलेला नसतो, तो शेवटी चांगलाच जमतो. तो आकडा पहिल्याच भेटीत लिहून घ्या.